अर्धं पथ्य, अर्धी कसरत

नंदुरबार जवळ आलं हे मला डोळ्यांआधी घशाला कळतं. थंडीच्या दिवसांत धुळ्याकडून येणारी बस गावाच्या अलीकडे पोचली की पुढच्या बाकावरचं कोणीतरी ठसकतं, मग मागचं, मग सगळी बस. खिडक्या लावून उपयोग नसतो. रस्त्याच्या कडेला पथाऱ्या पसरलेल्या असतात. नजर जाईल तिथवर उघड्या जमिनीवर वाळत घातलेली मिरची, कुठे ओलसर तांबडी, कुठे गडद, कुठे जवळजवळ काळी. नवखा माणूस फोटो काढायला मोबाइल बाहेर काढतो आणि गावचा माणूस रुमाल नाकाला लावून डुलकी काढतो. या वेळी मी यातलं काहीच केलं नाही. मी बापूच्या वर्षश्राद्धाला चालले होते.

बापू माझा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी याच दिवसांत मिरचीचा भाव विचारून येतो म्हणून मोटारसायकल काढायला उठला, अंगणातल्या पायरीवर बसला आणि तिथून उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. नाशिकहून मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं, आणि रडण्याच्या मधल्या विसाव्यात त्या एकमेकींना विचारत होत्या की लहानपणी एवढा पळायचा पोरगा, सारं गाव बघायचं, मग त्याला असं कसं झालं? मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की बायांनो, तुम्ही जे बघत होतात ना, तेच. पण ती वेळ बोलायची नव्हती, आणि त्या घरात बोलायची वेळ तशीही कधी आलेली नाही.

लोकांना मिरचीचा मोसम म्हटलं की रंग आठवतो. मला स्कूटरचा हॉर्न आठवतो. हिवाळ्यातली सकाळ, धुक्यात मिसळलेला तिखट वास, आणि लांबून येणारा हॉर्नचा आवाज. थोडं थांबून पुन्हा तोच आवाज. आजही कुठल्या परक्या गावात, कुठल्याही सिग्नलला मागून तसा हॉर्न वाजला तर माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागतात. नवरा हसतो. म्हणतो, तुझी काय गाडी सुटतेय का?

आम्ही दोघं भावंडं जाड होतो. अंगानं भरलेली वगैरे नाही, सरळ जाड. शाळेत आम्हाला ट्रॅक्टर आणि ट्रॉली म्हणत. पुढे मी चालायचे म्हणून मी ट्रॅक्टर. बापूला या नावाचा राग नव्हता, उलट तो मागून इंजिनाचा आवाज काढायचा आणि पोरं पोट धरून हसायची. त्याचा स्वभावच तो, दुसऱ्यानं टोचायच्या आधी स्वतःच हसून मोकळा व्हायचा. मी मात्र घरी येऊन आरशासमोर उभी राहायचे आणि पोट आत ओढून धरायचे, श्वास संपेपर्यंत.

घरात कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तळोद्याला कचेरीत होते. जीपनं वर डोंगरात जाऊन आलेली माणसं त्यांच्या टेबलापुढे बसायची आणि कुठल्या पाड्यावर पोरांचे दंड किती बारीक झालेत, कुठलं लेकरू या हिवाळ्यात गेलं, ते सांगायची. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते त्याच कारणानं. दिवसभर हे ऐकून आप्पा संध्याकाळी घरी येत आणि दारात आम्ही दोघं गुबगुबीत उभे. त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी तेव्हा लाड समजायचे. आता वाटतं ती भीती होती, आणि ते आम्हाला भीतीपोटी खाऊ घालत होते. हातात फरसाणाचा किंवा जिलबीचा पुडा नाही असा एक दिवस मला आठवत नाही. धानोऱ्याला आमची शेती, घरात दूधदुभतं, आल्यागेल्यानं खात्यापित्या घरची पोरं म्हणावं आणि मायनं लगेच दृष्ट काढावी, असा सगळा मामला होता.

मग आमच्या मानेवर काळा पट्टा आला. आधी माझ्या, मग बापूच्या. मानेमागे, कॉलर बसते तिथे, मखमलीसारखा जाडसर काळपटपणा. मायला वाटलं मळ. ती आंघोळीच्या वेळी डाळीच्या पिठानं, मग काथ्यानं, मग वजरीनं घासायची. मान लाल व्हायची, सोलपटायची, काळं तिथेच. बापू ओरडायचा नाही, मायची नक्कल करत तिलाच हसवायचा. एवढं घासूनही जाईना तेव्हा कोणीतरी सुरतेच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. आमच्याकडे दुखणं किरकोळ असेल तर नंदुरबार, आणि मनात धास्ती असेल तर सुरत.

त्या बाई लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. गुजराती वळणाचं हिंदी बोलायच्या. मानेवरून बोट फिरवून त्यांनी मायला आधी सांगितलं की हा मळ नाही, घासणं बंद करा. मग रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून त्यांनी आम्हा चौघांना समोर बसवलं आणि समजावलं. चूल पेटली की ठिणग्या उडणारच, त्या म्हणाल्या. अन्न जाळून शरीर ताकद काढतं तेव्हा आतही तशा ठिणग्या उडतात, आणि त्या विझवणारी माणसंही आतच नेमलेली असतात. अंगावर चरबी फार झाली की ठिणग्या वाढतात आणि विझवणारे अपुरे पडतात. मग त्या आतल्या आत डागण्या देत राहतात, यकृताला, रक्ताच्या नळ्यांना, हृदयाला. लहान वयात काही दुखत नाही म्हणून कोणाला कळत नाही. याला त्यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असं नावही सांगितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की नाव विसरलीस तरी चालेल, ठिणग्या विसरू नकोस.

उपाय ऐकून आप्पांना हायसं वाटलं, कारण त्यात सुई नव्हती की ऑपरेशन. रोज चालायचं, घाम येईल इतकं. दम लागला की थांबायचं, श्वास परत आला की पुन्हा चालायचं. हळूहळू वाढवायचं. तळलेलं, गोड, पाकिटातलं बंद, पण उपाशी राहायचं नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळं पोटभर, कारण विझवणाऱ्यांनाही खायला लागतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. चालणं आणि खाणं एकत्र, दोघांनी दोन्ही.

परतीच्या गाडीत आम्ही काय केलं असेल? सुरतेहून निघताना आप्पांनी खमण बांधून घेतलं होतं, शेवटचं म्हणून. पुडा मांडीवर उघडून चौघांनी खाल्लं. खिडकीबाहेर उसाचे मळे जात होते आणि आमच्या घरातली माणसं डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याची वाटणी करत होती. त्यांना ती वाटणी वाटलीच नाही, ते घरातली कामं लावून देत होते. बापू मुलगा, तेव्हा तो पळेल. चालणं म्हाताऱ्यांचं, तरण्या पोरानं पळायला पाहिजे, असं आप्पांनी तिथेच ठरवलं. मी खिडकीतून तोंड आत घेऊन विचारलं की मग मी कुठे चालू? मायनं पुड्यातली मिरची माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "पोरनी जात रस्तावर कशी पयी? लोके हासतीन. तू फक्त खावानं कमी कर." त्यात दुष्टावा नव्हता. तिला माझं हसं होऊ द्यायचं नव्हतं. नवापूर मागे पडलं तेव्हा भावाच्या वाट्याला कसरत आली होती आणि माझ्या वाट्याला पथ्य.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे बापूला उठवायला सुरुवात झाली. नवे बूट आणले, कपाळाला पट्टी आणली, आणि पथारीच्या रस्त्याला तो पळायला लागला. मागे आप्पा स्कूटरवर. आप्पांचं पोट स्कूटरच्या हँडलला टेकायचं, पण त्याकडे कोणी बघत नव्हतं. बापू मंदावला की आप्पा हॉर्न वाजवायचे. तो पळायचा, पुन्हा मंदावायचा, पुन्हा हॉर्न. परत आला की न्हाणीच्या दगडावर बसून तो नुसता धापा टाकायचा, ओठ पांढरे पडलेले, आणि माय लगबगीनं दूध घेऊन यायची. कारण आमच्याकडे कसरत करणाऱ्याला खुराक लागतो. आखाड्यातला पहिलवान बघितलेला असतो ना सगळ्यांनी. तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, दुधात कुस्करलेली केळी. नको म्हटलं तरी माय ऐकायची नाही, पोरगा एवढा पळतोय, त्याच्या पोटात काही नको का, असं तिचं म्हणणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ठिणग्या वाढतात. आम्ही पळवून वाढवत होतो आणि वरून तूप ओतत होतो.

माझ्या ताटात त्याच वेळी अर्धी भाकरी आणि पाण्यासारखी भाजी असायची. मग अर्धीची चतकोर झाली. सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपास लागले, तेही कडक. इतरांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आणि मला ताक. ज्या दिवशी मी जेवायला नाही म्हणायचे त्या दिवशी मायचा चेहरा खुलायचा आणि शेजारणीला ती कौतुकानं सांगायची की पोरगी पथ्याला पक्की आहे. कौतुक ही फार वाईट गोष्ट. भुकेपेक्षा मला त्याची जास्त सवय लागली.

शिकताना पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. मी काही डॉक्टर झाले नाही, जीवशास्त्राची मास्तरीण झाले, पण ते एक प्रकरण शिकवताना माझा आवाज बदलतो असं पोरी सांगतात. बाईंचं बोलणं अक्षरशः खरं होतं. सवय नसलेल्या जाड पोराला एकदम धाप लागेपर्यंत पळवलं तर त्या दिवसापुरतं आतलं जळणं वाढतंच. रोज थोडं थोडं केलं तर शरीर शिकतं आणि विझवणारे वाढवतं. आणि ते वाढायला लागतं ते सगळं आमच्याच घरात होतं. परड्यात पोकळा होता, धानोऱ्याहून मेथी येत होती, हरभऱ्याची भाजी होती, दादर ज्वारीची भाकरी होती. कुठून लांबून काही आणायचं नव्हतं. हे आठवलं की मला अजून राग येतो, आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नाही.

मला चालायला एकच जागा होती, गच्ची. तिथे धानोऱ्याची मिरची घरच्या तिखटासाठी वाळत घातलेली असायची. मिरची उलटवायला म्हणून मी पहाटे वर जायचे आणि कठड्याच्या कडेनं चालायचे. तिथून पथारीचा रस्ता दिसायचा. धुकं विरळ झालं की एक ठिपका पळताना दिसे आणि त्याच्या मागे स्कूटरचा दिवा. वळणावर, जिथे रस्ता आमच्या घराच्या रोखानं येतो, तिथे बापू एक हात वर करायचा. तो दिसत असेपर्यंत मीही चालायचे, त्याच्या चालीनं. आम्ही दोघं बरोबर चालतोय असं मी मनाशी धरून चालले होते. मग शेजारच्या गच्चीवर नवे भाडेकरू आले, त्यात दोन तरणी मुलं होती, आणि माझं वर जाणं बंद झालं. मिरची उलटवायला माय जाऊ लागली.

बापूचं पळणं पथारीवरच्या बाया बघत असत. सातपुड्यातून मजुरीला आलेल्या, दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या. त्यांची काडीसारखी पोरं रिकाम्या बारदानावर झोपलेली. बापूनंच मला सांगितलं की त्यातल्या एका बाईनं आप्पांना थांबवून मोडक्या मराठीत विचारलं होतं, या पोरानं काही चोरलं का, तुम्ही त्याच्या मागे का लागलात? आप्पांना हसावं की रागवावं कळेना. बापू ही गोष्ट रंगवून सांगायचा आणि आम्ही दोघं तोंडात चादर कोंबून हसायचो. एकदा हसता हसता तो थांबला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, तू मन्हा जागावर पय. मी तुन्हा जागावर उपाशी ऱ्हासू." मी म्हटलं, चालेल. आम्हाला दोघांनाही ते खरंच हवं होतं. मला रस्ता हवा होता आणि त्याला कोणीतरी ताट उचलून न्यायला हवं होतं. शेवटी त्यानं खिशातून पिचलेला डिंकाचा लाडू काढून माझ्या हातात दिला आणि मी तो घाईघाईनं खाल्ला.

त्या मोसमाचा शेवट एकाच सकाळी झाला. त्या दिवशी माय देवळात गेली होती, म्हणून मी बऱ्याच दिवसांनी गच्चीवर गेले. लांबून मला स्कूटर थांबलेली दिसली. बापू वाकून उभा होता, आप्पा खाली उतरले होते. नंतर कळलं की त्याला उलटी झाली होती. आप्पांनी स्वतःच्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, थोडंच राहिलंय. मला वरून एवढंच दिसलं की ठिपका पुन्हा हलायला लागला आणि हॉर्न वाजला. वळणावर त्याचा हात वर आला नाही. मी कठड्याशी वाट बघत उभी होते. पोटात आदल्या दिवसापासून ताकाशिवाय काही नव्हतं. डोळ्यांपुढे आधी तांबडं आलं, मग काहीच नाही. मी वाळत्या मिरचीवर तोंडावर पडले. शुद्धीवर आले ती डोळ्यांच्या आगीनं, आणि कोण ओरडतंय असं वाटलं तर मीच ओरडत होते.

पुन्हा सुरत. या वेळी खमण नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे नवे रिपोर्ट जुन्यांशेजारी ठेवले. बापूचं वजन वाढलं होतं, यकृत आणखी सुजलं होतं, साखर वर सरकली होती. माझं वजन उतरलं होतं आणि त्याबरोबर रक्त, हाडं, केस, सगळंच उतरलं होतं. आप्पांनी छाती फुगवून सांगितलं की पोरगा एक दिवस चुकला नाही. मायनं सांगितलं की पोरगी पथ्याला पक्की आहे. बाईंनी बापूला विचारलं काय खातोस, मला विचारलं कुठे चालतेस. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मैंने आधा-आधा नहीं बोला था."

बस, एवढंच. पण आप्पांना तो अपमान वाटला. घरी येताना ते म्हणाले की या लोकांना आईबापाच्या पोटातलं कळत नाही, पुन्हा सुरत नको. माझी दहावीची परीक्षा आली, पथाऱ्या उचलल्या गेल्या, रस्ता पुन्हा मातीचा झाला. बूट खाटेखाली गेले. मायनं मला घाबरून पुन्हा भाकरी वाढायला सुरुवात केली, आणि मला ती गिळेना. तो मोसम तिथे संपला असं सगळ्यांनी धरलं.

बापूच्या अंगात तो राहिला. त्यानंतर तो आयुष्यात मनानं कधी चालला नाही. पानाच्या दुकानापर्यंत मोटारसायकल, शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल. डॉक्टर चाला म्हणाले की तो हसून सांगायचा की माझा कोटा लहानपणीच पुरा झाला. तिशीच्या आतच गोळ्या लागल्या, मग सुया. मला फोनवर म्हणायचा की ताई, सगळं ठीक आहे, फक्त पायांना मुंग्या येतात. मी रागवायचे, तो ट्रॅक्टरचा आवाज काढायचा. माझं काय झालं? मी सडपातळ झाले, माझं लग्न चांगल्या घरी झालं, आणि आजही कोणी समोर बसलं असेल तर मला पोटभर जेवता येत नाही. बायका विचारतात, तुझी फिगर कशी गं राहिली.

श्राद्ध उरकलं. पान वाढलं, कावळा शिवला, पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माय ओट्यावर रेवाची वेणी घालत होती. रेवा बापूची मुलगी, आठवीत आहे. तोच बांधा, तेच हसणं, इंग्रजी शाळेत जाते आणि घरातलं अहिराणी समजत असूनही पुस्तकी मराठीत बोलते, फक्त मला आत्या न म्हणता फुई म्हणते. मी चहाचा कप घेऊन समोर बसले होते. मायनं केस वर उचलले आणि तिचा हात थांबला. मानेमागे तो पट्टा होता. मायनं अंगठ्यानं एकदा घासून बघितलं, मग अंगठा तसाच तिथे ठेवून माझ्याकडे बघितलं. रेवा विचारत राहिली की आजी, काय झालं, ओढू नको ना.

बापूच्या बायकोनं आतून सांगितलं की धुळ्याच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच रक्त तपासून चालायला आणि खाण्याकडे लक्ष द्यायला सांगितलंय, पण श्राद्ध होऊ दे म्हटलं. मी कप खाली ठेवला आणि रेवाला म्हटलं, चल, चप्पल घाल, पथारीपर्यंत जाऊन येऊ. आल्यावर दोघी बसून पोटभर जेवू, पोकळ्याची भाजी आणि भाकरी. ती म्हणाली की मी चालले तर सगळे बघतात. मी म्हटलं, बघू दे.

आप्पा आता फार बोलत नाहीत. दिवसभर खुर्चीवर बसून असतात. पण आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. आम्ही फाटकाशी पोचलो तर ते कोपऱ्यातल्या जुन्या स्कूटरवरचं प्लास्टिक काढत होते. म्हणाले, रस्ता वाईट आहे, ट्रक येतात, मी आपला हळूहळू मागून येतो. खरंच काळजीनं म्हणाले. तेवढ्यात माय कंगवा हातात घेऊन ओट्यावरून उतरली आणि स्कूटरच्या आडवी उभी राहिली.

"मझार ठेवा ती," स्कूटर आत ठेवायची खूण करत ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकले पयाडं नि चारं, एकले भुकी ठेवं. दोन्ही मन्हाच पोरं व्हतात. आते हाई पोरना मांगे हॉर्न वाजाडाना नही."

आप्पांनी प्लास्टिक पुन्हा घातलं. कोपरे नीट खोचले. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी पंचा तोंडावर घेतला. इतक्या वर्षांत त्या मोसमाबद्दल या घरात कोणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ज्यानं ऐकायला हवं होतं तो नव्हता.

रेवा आणि मी निघालो. लोक बघत होते, दुकानांतून, ओट्यांवरून. मागून कोणीतरी हसलंही. रेवानं ओढणी पोटावर ओढून घेतली आणि चालत राहिली. पथारी लागली तसा ठसका आला. उन्हं वर आली होती, बाया देठ खुडायला बसल्या होत्या, नव्या बाया, पोरं मात्र तशीच बारदानावर. वळणाशी आलो. मी वळून बघितलं तर आमची गच्ची दिसली, रिकामी. तेवढ्यात मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला, त्याला वाट हवी होती. रेवा शहाण्यासारखी बाजूला झाली. मी मात्र भराभर पावलं टाकत पुढे निघून गेले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

"फुई," ती मागून म्हणाली, "मला दम लागलाय. थांबू का?"

मी परत तिच्यापाशी आले. तिचा चेहरा लाल झाला होता, वरच्या ओठावर घाम होता. ती माझ्याकडे भीत भीत बघत होती.

"पप्पा इथेच पळायचे ना?" तिनं विचारलं. "त्यांना दम लागायचा?"

लागायचा, मी म्हटलं. मग ते थांबायचे का, तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं, पण मी नाही म्हटलं, त्याला कोणी थांबू दिलं नाही.

रस्त्याच्या कडेला मिरचीची भरलेली पोती रचून ठेवली होती. देठ खुडणाऱ्या एका बाईनं आमच्याकडे बघितलं आणि आपली टोपली सरकवून जागा करून दिली. मी रेवाला तिथे बसवलं आणि शेजारी बसले. तिची छाती वरखाली होत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीच म्हटलं नाही. टेम्पो निघून गेला. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. बापूला एवढंच हवं होतं.